तीन सूत

धाकट्या जावयाला मिस्त्रींनी तोंडावर 'जावईबापू' याखेरीज कधी हाक मारली नाही. मनात मात्र त्याचं नाव 'सर्वज्ञ' ठेवलं होतं. आता एखाद्याला सर्वज्ञ म्हणायचं तर त्याला निदान दोन-चार गोष्टी तरी येत असाव्यात, असं कुणी म्हणेल. छे! सर्वज्ञ व्हायला काही यावं लागत नाही. दुसऱ्याला काही येतं हे मान्य केलं नाही, की झालं.

मिस्त्री म्हणजे पत्र्याचे मिस्त्री. बेचाळीस वर्षं त्यांनी पत्रा कापला, वाकवला आणि दुमडला. ट्रंका केल्या, टपालपेट्या केल्या, नरसाळी केली, मोठमोठ्या इमारतींतून गार हवा खेळवणारे चौकोनी बोगदे केले. मग बायको गेली, गुडघे गेले, वर्कशॉपची जागा मालकानं परत घेतली, आणि दीड वर्षापूर्वी ते धाकट्या लेकीकडे राहायला आले. येताना कपड्यांची एक पिशवी आणि अवजारांची एक ट्रंक, एवढंच घेऊन आले. ट्रंकही त्यांनी स्वतःच केलेली, उस्तादाच्या हाताखाली असताना, पहिलीवहिली. पिशवी कपाटात गेली आणि ट्रंक पलंगाखाली.

पहिल्याच महिन्यात घरात भडका उडाला. सर्वज्ञ स्वयंपाकघरात फळी लावत होता. मिस्त्री सहज म्हणाले, "जावईबापू, डावीकडे उतरतेय." सर्वज्ञानं फोन काढला, फळीवर ठेवला आणि पडद्यावरचा हिरवा बुडबुडा दाखवला. बुडबुडा म्हणत होता, फळी सरळ आहे. आठ दिवसांनी साखरेची बरणी डावीकडून खाली आली. बुडबुड्याला कुणी जाब विचारला नाही; पंधरा दिवस तोंड फुगवून बसला तो सर्वज्ञ, आणि राग कुणावर, तर मिस्त्रींवर! बरोबर बोलणं हा मोठाच गुन्हा असतो.

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबरच होतं हो. पण त्यानं विचारलं होतं का? आता माझी शपथ आहे तुम्हाला. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही."

मिस्त्री शब्दाचे पक्के. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळं बघायचे आणि जीभ चावायचे. नळ उलटा आवळला जात होता, बघितलं. पडद्याचा दांडा भोकासकट बाहेर आला, तोही बघितला. त्यांना फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्या माणसानं जवळ येऊन म्हणावं, 'बाबा, हे कसं करायचं?' दीड वर्षं ते त्या एका प्रश्नाची वाट बघत होते आणि प्रश्न काही येत नव्हता.

गंमत म्हणजे सर्वज्ञाची नोकरीच मुळी प्रश्न विचारायला शिकवण्याची होती. एका मोठ्या कचेरीत तो माणसांना प्रशिक्षण द्यायचा. दुसऱ्याच्या अनुभवाचा फायदा कसा घ्यावा, आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायला का लाजू नये, असल्या गोष्टी. पडद्यावर दाखवायचा मजकूर तो घरी जेवणाच्या टेबलावर बसून तयार करायचा. 'विचारा! विचारल्यानं कुणी लहान होत नाही!' हे वाक्य मिस्त्रींनी खुर्चीतून स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. तांबड्या अक्षरांत होतं.

तर आता मूळ गोष्ट. मिस्त्रींचा थोरला जावई दातांचा डॉक्टर. त्यानं घरी खेळ खेळायचा कॉम्प्युटर आणला, गुडघ्याएवढा उंच, आत निळे-जांभळे दिवे. सगळे त्याच्याकडे जमलेले असताना त्यानं सर्वज्ञाला फुटबॉलच्या खेळात आठ-शून्य असं धुतलं. सर्वज्ञ हरला तो हरला, वर म्हणाला, "एवढं धूड कशाला लागतं? याच्या पाव आकारात याच्यापेक्षा भारी करून दाखवतो. टीव्हीखालच्या खणात बसेल. बघणाऱ्याला वाटेल, पुस्तक ठेवलंय."

"कर की," दातांचा डॉक्टर म्हणाला. "पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही येतो बघायला."

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग घरात खोकी यायला लागली. एका खोक्यातून चपटा काळा पत्र्याचा डबा निघाला. त्याला केस म्हणतात, असं सर्वज्ञानं बायकोला सांगितलं. सर्वज्ञाच्या डोक्यावर आता फारसे उरले नव्हते, तेव्हा एक विकत आणला तर आणला, असं मिस्त्रींना वाटलं. दुसऱ्यातून ग्राफिक्स कार्ड निघालं. कार्ड म्हटल्यावर पत्त्याएवढं काहीतरी असेल अशी मिस्त्रींची समजूत; निघाली ती दीड विटेएवढी लांब, तीन पंख्यांची वस्तू. एवढंसं घर आणि एवढा पाहुणा! मिस्त्रींनी खुर्चीतूनच एकदा डब्याकडे बघितलं, एकदा कार्डाकडे, आणि हे आत जात नाही हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण विचारलं कुणी?

सर्वज्ञाला कळायला दोन दिवस लागले. कार्ड सगळं आत जायचं आणि शेवटी अडायचं. डब्याच्या पुढच्या बाजूला, आतून, पंखा धरायला म्हणून पत्र्याची एक आडवी पट्टी पुढे आलेली होती. कार्डाचं नाक त्या पट्टीवर आदळत होतं. सर्वज्ञानं सरळ घालून बघितलं, तिरकं घालून बघितलं, डबा उभा करून वरून सोडून बघितलं. मग त्यानं जाहीर केलं, "मॉडिफाय करावं लागेल."

म्हणजे कापावं लागेल. पत्रा कापावा लागेल! मिस्त्री खुर्चीत सावरून बसले. आता तर विचारल्यावाचून गत्यंतरच नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी चष्मासुद्धा पुसून ठेवला.

सर्वज्ञानं टीव्ही लावला आणि व्हिडिओ बघायला बसला. एक दाढीवाला कुठल्याशा गॅरेजात डबे कापत होता. त्याचे चौदा व्हिडिओ झाले. मग दुसरा, बिनदाढीचा. त्याचे नऊ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा खुर्चीत बसून चहा पीत होता आणि वळसा इंटरनेटभर चालला होता. व्हिडिओतला बिनदाढीवाला पत्रा उलट्या बाजूनं कापत होता हे मिस्त्रींनी बघितलं आणि चहाबरोबर गिळलं.

पुन्हा खोकी आली. हातात धरायचं फिरतं कटर, डोळ्यांवरचा चष्मा, कोपरापर्यंतचे हातमोजे, स्क्रू चिकटून राहावेत म्हणून चुंबकाची चटई, आणि आकडे दाखवणारा एक चकचकीत मोजणीचा चिमटा. चिमटा उघडायचा वीतभर; कार्ड होतं फूटभराच्या वर. तेव्हा सर्वज्ञानं कार्ड तीन हप्त्यांत मोजलं आणि बेरीज केली. तीनदा मोजलं, तीन बेरजा आल्या. फ्रिजवर त्यानं एक तक्ता चिकटवला: टप्पा एक, मोजमाप. टप्पा दोन, कटिंग. टप्पा तीन, फिनिशिंग. टप्पा चार, डेमो. प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग होता. पहिल्या टप्प्यापुढे बरोबरची खूण झाली तेव्हा माप कुठलं धरायचं ते ठरलेलं नव्हतं.

एवढंच नाही. फोनवर त्याचा एक ग्रुपही होता, असले डबे करणाऱ्यांचा. तिथे तो रोज फोटो टाकायचा आणि रोज कुणीतरी अंगठा दाखवायचं. अंगठा दाखवण्याचा अर्थ मिस्त्रींच्या काळी निराळा होता, पण ते असो.

शेवटचा आठवडा उजाडला. मंगळवारी सर्वज्ञानं रजा काढून पहिला घाव घातला. ठिणग्या उडाल्या, टेबलक्लॉथला तीन भोकं पडली, पत्र्यावरचा काळा रंग जळून घरभर वास सुटला. पट्टीची कड निघाली ती उंदरानं कुरतडल्यासारखी. वर अंदाज बघायला म्हणून हातमोजा काढून सर्वज्ञानं कडेवरून बोट फिरवलं. कापलेल्या पत्र्यावरून कुणी बोट फिरवतं? लेकीनं बोटाला पट्टी बांधली.

"टाके पडले असते," ती म्हणाली. "उद्या धूळ पुसताना माझा हात जायचा त्यात."

"तो टप्पा तीन," सर्वज्ञ म्हणाला. "फिनिशिंग."

बुधवारी संध्याकाळी तो डबा मांडीवर घेऊन बसला होता. कार्ड अजूनही अडत होतं. मंगळवारी एवढं तारांगण करून कापलं काय, तर जेमतेम पट्टीवरचा रंग. तो पुटपुटला, "अजून किती कमी पडतंय कोण जाणे."

मिस्त्रींनी कान टवकारले. हा प्रश्न होता का? 'किती' हा शब्द होता. 'कोण' हा शब्द तर चक्क दोघांपैकी दुसऱ्याला उद्देशून होता, कारण खोलीत तिसरं कुणी नव्हतं. शपथ मोडत नाही, असा त्यांनी स्वतःपुरता निवाडा केला आणि म्हणाले, "तीन सूत."

"काय?"

"तीन सूत कमी पडतंय. बरोब्बर."

सर्वज्ञानं त्यांच्याकडे बघितलं. आता खरं तर पुढचा प्रश्न अगदी सोपा होता. सूत म्हणजे किती? सुतार, गवंडी, मिस्त्री, कुणीही सांगितलं असतं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण विचारायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचं, आणि ते तांबड्या अक्षरांत दुसऱ्यांना सांगायचं असतं. सर्वज्ञानं मनाशी हिशेब केला: सूत म्हणजे दोरा. दोरा म्हणजे बारीक. बारीक म्हणजे मिलिमीटर. तो उठला आणि फ्रिजवरच्या तक्त्यावर काहीतरी लिहून आला.

गुरुवारी त्यानं तीन मिलिमीटर कापले. कार्ड गेलं नाही. कसं जाईल? त्यानं डबा टेबलावर आदळला आणि मिस्त्रींकडे वळून, अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "बाबा, तुमचा अंदाज चुकला. जाऊ दे. वय झालं, नजर राहत नाही. चालायचंच."

मिस्त्रींनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना फार लागलं. गुडघे गेले होते, दात गेले होते, ते त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. पण नजरेतलं माप! तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी शिल्लक होती. बेचाळीस वर्षांत त्यांनी पट्टी लावायच्या आधी माप बोललं आणि पट्टीनं मागाहून होकार दिला. आता खरंच चुकायला लागलं की काय? त्या संध्याकाळी ते अर्ध्या ताटावरून उठले.

खोलीत पडले होते, तर बाहेरचं बोलणं कानावर आलं.

"एवढी रिकामी खोकी कुठे ठेवायची?" लेक विचारत होती. "टाकून दे ना."

"टाकून? वॉरंटीसाठी जपून ठेवावी लागतात. बाबांच्या पलंगाखाली ठेवू. ती ट्रंक आहे ना तिथे, ती सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाकू. जागाच जागा होईल."

"अरे, ती त्यांची अवजारं आहेत."

"आता त्यांना काय उपयोग? नजर गेली त्यांची."

"निदान त्यांना विचार तरी."

"त्यात विचारायचं काय? सांगू."

मिस्त्रींनी पलंगावरून हात खाली सोडला. बोटांना ट्रंकेची कड लागली, दुमडलेली, गुळगुळीत. दोन्ही लेकी लहानपणी या ट्रंकेवर बसून जेवल्या होत्या, पण कडेचा ओरखडा कुणाला कधी उठला नव्हता. आणि आता ही भंगारात! रिकाम्या खोक्यांना जागा हवी म्हणून! मिस्त्रींच्या अंगाची लाही लाही झाली. पण घर दुसऱ्याचं, शपथ लेकीची आणि वय आपलं, करणार काय?

शुक्रवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मिस्त्री उठले, गुडघे धरून खाली बसले आणि ट्रंक बाहेर ओढली. ओढताना दोनदा थांबावं लागलं. आतून त्यांनी जुनी पोलादी फूटपट्टी काढली, टेबलावरच्या डब्यापाशी गेले, कार्ड आत सरकवलं आणि माप घेतलं. पट्टी म्हणाली, दोन सूत आणि वर केसभर. म्हणजे? तीनातून एवढंच कसं गेलं? त्यांना कळेना. पाणी प्यायला म्हणून फ्रिजपाशी गेले, तर तक्त्यावर नजर गेली. टप्पा दोनखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: '३ सूत = ३ मिमी (बाबांच्या मते)'.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, भिंत धरून उभं राहावं लागलं. 'बाबांच्या मते'! अरे, बाबांना विचारलं असतंस तर बाबांनी मत दिलं असतं! नजर शाबूत होती. माप शाबूत होतं. बुद्धी कुणाची गेली होती ते तक्त्यावर सहीशिक्क्यासकट लिहिलेलं होतं.

आता गप्प बसता आलं असतं. रविवारी सर्वज्ञाची दातांच्या डॉक्टरपुढे शोभा झाली असती आणि मिस्त्रींनी खुर्चीतून बघितली असती. तो विचार त्यांना आवडला नाही असं कसं म्हणावं? चांगली पाच मिनिटं आवडला. पण ती कुरतडलेली कड समोर होती. सोमवारी नाही तर मंगळवारी लेक फडकं घेऊन त्यात हात घालणार होती. शिवाय ट्रंक उघडी होती, आणि कानशीच्या तेलाचा वास दीड वर्षानं नाकात गेला होता.

त्यांनी कार्ड काढून बाजूला ठेवलं, डब्यात होतं-नव्हतं ते फडक्यानं झाकलं. काटकोन धरायचा गुण्या लावून डब्यातल्या पट्टीवर रेघ आखली. कापलं काहीच नाही. कापायची गरजच नव्हती, पहिल्यापासून नव्हती. कानशीनं जळकी कड साफ केली, पक्कडीनं रेघेवर पत्रा थोडा थोडा उचलला, मग लाकडी हातोडीनं टक टक करत खाली दाबत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. दोन सूत आणि केसभर पत्रा आतल्या बाजूला दुमडून सपाट बसला. पट्टी तेवढी आखूड झाली आणि कड गोल. शेवटी त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून. अंगठ्याला काही लागलं नाही. तासाभराचं काम. दीड वर्षात एवढा चांगला तास त्यांच्या वाट्याला आला नव्हता. मग कीस पुसला, अवजारं ट्रंकेत घातली, ट्रंक ढकलली, आणि खुर्चीत येऊन बसले ते जावयाची वाट बघत. आता तरी विचारेल. दुमड बघितल्यावर कुणीही विचारेल.

सर्वज्ञ संध्याकाळी आला. सवयीनं कार्ड उचललं, आत सरकवलं, आणि कार्ड टक् करून बसलं. त्यानं ते काढून पुन्हा घातलं, पुन्हा बसलं. मग वाकून बघितलं. दुमड दिसली त्याला. न दिसायला काय झालं? त्यानं कडेवरून बोट फिरवलं, पट्टी बांधलेलंच. मग हळूच मान वळवून खुर्चीकडे बघितलं. मिस्त्री खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते.

"हं," सर्वज्ञ म्हणाला.

एवढंच. हं! आणि फोन काढून त्यानं फोटो घेतला. पाच मिनिटांत तो फोटो ग्रुपवर होता आणि खाली मजकूर: 'तीन सूत कमी पडत होतं. हातानं दुमडून घेतलं. थोडा पेशन्स लागतो.' जेवताना त्यानं तो बायकोला वाचून दाखवला. एक्क्याहत्तर अंगठे आले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळाचा फोटो काढून मीच खणलं म्हणत नाही. लेकीनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि मान खाली घातली. फोटोतल्यासारखीच दुमड असलेल्या ट्रंकेवर बसून ती लहानपणी जेवली होती. शनिवारी सर्वज्ञानं अकरा रिकामी खोकी पलंगाखाली, ट्रंकेच्या पुढ्यात कोंबून ठेवली. सोमवारी ट्रंक काढायच्या वेळी पुन्हा बाहेर घेता येतील, म्हणाला.

रविवारी थोरली लेक आणि दातांचा डॉक्टर आले. डबा टीव्हीखालच्या खणात बसला होता, खरोखरच पुस्तकासारखा. खेळ लागला. सर्वज्ञ पुन्हा हरला, पण चार-एकनं, म्हणजे प्रगती होती. मग डॉक्टर म्हणाला, "झाकण काढ बघू."

सर्वज्ञानं ऐटीत झाकण काढलं. डॉक्टरची एक खोड होती. कुठलंही भोक दिसलं की तो आत बॅटरी मारून बघायचा. त्यानं फोनचा दिवा लावला, मान तिरकी केली आणि आतल्या आत बोट फिरवलं.

"वा! ही कड कुणी केली?"

"म्हणजे काय? केली. थोडा पेशन्स लागतो."

"किती कमी पडत होतं?"

"तीन सूत," सर्वज्ञ म्हणाला. ग्रुपवर हा शब्द भलताच गाजला होता.

"सूत? म्हणजे किती?"

"साधारण तीन मिलिमीटर."

डॉक्टरनं बोट बाहेर काढलं. "मला मिलिमीटर नको सांगूस. मी दिवसभर मिलिमीटरांतच असतो. ही नुसती दुमडच सहा-साडेसहा आहे. सूत म्हणजे नक्की काय रे?"

सर्वज्ञानं झाकणाचे स्क्रू मोजायला घेतले. थोरल्या लेकीनं वाकून आत बोट घातलं, कडेवरून इकडून तिकडे नेलं आणि तिथेच थांबली. "बाबा," ती म्हणाली, "ही तर आपल्या ट्रंकेची..."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. डॉक्टर म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा. सूत म्हणजे किती?"

उत्तर मिस्त्रींच्या जिभेवर होतं. दीड वर्षं होतं. पण विचारणारा चुकीचा होता. ते शांतपणे म्हणाले, "काम जावईबापूंचं आहे. त्यांना विचारा."

सर्वज्ञाचे कान लाल झाले. त्यानं बायकोकडे बघितलं; ती आता मान खाली घालायला तयार नव्हती, सरळ त्याच्याकडे बघत होती. त्यानं डॉक्टरकडे बघितलं; डॉक्टरचा दिवा अजून पेटलेला होता. मग तो डबा सोडून उठला, खोलीची आठ-दहा पावलं चालला आणि खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "सूत म्हणजे किती हो?"

या प्रश्नानंतर काय काय बोलायचं, ते मिस्त्रींनी दीड वर्षात अनेकदा ठरवलं होतं. फळी, नळ, पडद्याचा दांडा, बिनदाढीवाला, सगळं त्यात होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"इंचाचा आठवा भाग," ते म्हणाले.

डॉक्टरनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तीन सूत झाले साडेनऊ मिलिमीटर. तीन कापले, साडेसहा दुमडले. हां! आता जमलं."

"बाबांनी बुधवारी सांगितलं होतं," धाकटी लेक म्हणाली. "इथून. खुर्चीतूनच. मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं."

सर्वज्ञ उभाच होता. नंतरचं वाक्य त्याला इतकं जड गेलं की ऐकणाऱ्यांचेच जबडे दुखले. "कड मी नाही केली. मला नसती जमली. ती... कशी करायची, बाबा?"

अडला हरी, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण पुढचं त्यांनी मनातही म्हटलं नाही, कारण त्यात गाढव आपणच ठरतो.

"तोंडानं सांगून कळायचं नाही ते," ते म्हणाले. "अवजार हातात घ्यावं लागतं. ट्रंक काढा, पलंगाखाली आहे. उद्या भंगारात जायची आहे म्हणे, तेव्हा काय ते आजच शिकून घ्या."

"नाही नाही," सर्वज्ञ घाईघाईनं म्हणाला. "ती कुठे जात नाही."

"बरं. मग ओढा बाहेर. जड आहे, उभ्यानं निघणार नाही. माझं वय झालं, मला वाकवत नाही. तुम्हालाच वाकावं लागेल."

सर्वज्ञ गुडघ्यांवर बसला, हात टेकले, डोकं पलंगाखाली घातलं. बाकीचे सगळे दारात उभे राहून बघत होते, आणि डॉक्टर आत दिवा मारत होता. ट्रंकेपर्यंत हात पोचेना. आधी ती अकरा रिकामी खोकी एकेक करून बाहेर काढावी लागली.